कुवेतमधलं आठवं हर्डल

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. परदेश पाहून आलेली मंडळी लिहायला बसतात तेव्हा त्यांची छाती कशी फुगलेली असते. मी कुवेतला जेमतेम पंधरवडा राहून आलो आणि त्यातला बहुतेक काळ माझ्या पोटात गोळाच होता. विमानाची भीती, पोलिसांची भीती, वाळूची भीती, आणि शेवटी एका ब्राझिलियन पोराच्या हाडांची भीती. त्या पोराचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसणार. पण कुवेत म्हटलं की मला सगळ्यात आधी तोच आठवतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी नाशिकच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक. उन्हातान्हात शिट्ट्या फुंकण्यात जन्म गेला. जोडीला मैदानी स्पर्धांचा पंच, आणि त्यातही हर्डल्सचा. कागदोपत्री तिला अडथळ्यांची शर्यत म्हणतात, पण मैदानावर तसं कुणी म्हणत नाही. इराकवरचं दुसरं युद्ध होऊन वर्ष उलटलं होतं. कुवेतमध्ये एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती आणि यजमानांना बाहेरचे काही अनुभवी पंच हवे होते. आमच्या संघटनेनं माझं नाव कळवलं. माझी धाकटी बहीण माधुरी तिथेच फिंतासला राहते, त्यामुळे राहण्याजेवणाचाही प्रश्न नव्हता. नाही म्हणायला एकही कारण सापडेना, हीच माझी खरी अडचण झाली.

फिंतास

विमानतळावरच पहिला दणका बसायचा होता, तो हुकला. सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं माझ्या बॅगेतून बायकोनं बांधून दिलेला पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून वास घेतला आणि "हलवा?" असं विचारलं. मी मान डोलावली. त्यानं डबा परत दिला. बाहेर माझे मेहुणे दिलीपराव न्यायला आले होते. ते तिथल्या एका पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर आहेत. इथले पोलीस फार सज्जन दिसतात, असं मी त्यांना गाडीत बसता बसता सांगितलं.

घरी माधुरीनं डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. आत अनारसे होते.

"दादा, ह्यांना खसखस लावलीय?"

मी म्हटलं, खसखशीशिवाय अनारसा कसा होईल? तेव्हा तिनं मला खुर्चीत बसवलं आणि समजावलं, की आखातात खसखस म्हणजे अफूचं बी, आणि ती आणल्याबद्दल माणसं तुरुंगात गेल्याचं तिनं ऐकलं आहे.  त्या अधिकाऱ्यापुढे मी हसत हसत डबा धरला होता, ते आठवून मला दरदरून घाम फुटला. दिलीपरावांनी दोन अनारसे उभ्याउभ्याच खाल्ले, पुरावा नष्ट करतोय म्हणाले. उरलेले माधुरीनं पाण्यात कालवून मोरीत सोडले. संध्याकाळी दारावरची घंटा वाजली तेव्हा मी संडासात जाऊन कडी लावून बसलो. शेजारची केरळी बाई होती. मिक्सर मागायला आली होती.

त्यांच्या फ्लॅटमधून समुद्र दिसतो. पण माझं लक्ष समुद्राआधी खिडकीच्या काचांवर गेलं, कारण त्यांच्या कडांना चिकटपट्टीच्या पिवळट खुणा होत्या. आदल्या वर्षी युद्ध सुरू झालं तेव्हा ती खोली त्यांनी सगळीकडून बंद करून घेतली होती. विषारी वायू आला तर म्हणून. भोंगा वाजला की तिघंही आत जाऊन बसत. तेव्हाचे वायूरोधक मुखवटे अजून माळ्यावर आहेत, माधुरीनं ते नीट पुसून ठेवले आहेत. माझी भाची स्नेहल तिथेच वाढलेली. तिला विचारलं तर "इट वॉज ओके, मामा, वी प्लेड कार्ड्स" म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

दिलीपरावांना मात्र त्याच्याही आधीचं युद्ध आठवतं. नव्वद साली इराकचं सैन्य शिरलं तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. बसरा, बगदाद करत बसनं अम्मानपर्यंत गेले, तिथे तंबूत विमानाची वाट पाहत राहिले आणि दाढी वाढलेल्या अवस्थेत मुंबईला उतरले. हे सगळं ते पापलेटचा काटा काढता काढता सांगत होते. पापलेटला तिथे झुबैदी म्हणतात आणि लोक त्यासाठी जीव टाकतात, असंही त्यांनी मधेच सांगितलं.  तेव्हापासून त्यांच्या गाडीची टाकी कधी अर्ध्याच्या खाली जात नाही. आपल्याकडे पंपावर रांग दिसली की आपण उद्यावर टाकतो. तिथे पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त, तरी हा माणूस रोज पंपावर. आणखी एक सूचना त्यांनी मला दिली, वाळवंटात डांबरी रस्ता सोडून पाऊल टाकायचं नाही. पहिल्या युद्धातले सुरुंग अजून सापडतात. मी इतकी आज्ञा पाळली की फूटपाथवरूनसुद्धा बघून चालायला लागलो.

दस्मान

पंचांची पहिली बैठक दस्मान भागातल्या एका हॉटेलात होती, समुद्राच्या अगदी जवळ. खेळाडूही तिथेच उतरले होते. लॉबीत चहाचे छोटे पेले फिरत होते, खजूर होते, आणि अरबी कॉफी होती जी मी साखर घातलेली असेल असं समजून तोंडात घेतली. यजमान मंडळी फार अगत्याची. माणूस दिसला की उठून उभं राहतात, तब्येत विचारतात, घरच्यांची विचारतात, मग पुन्हा तब्येत विचारतात. आपल्याकडे "काय, कसं काय" म्हणून पुढे निघून जायची सवय असलेल्या माणसाला तिथे अवघडल्यासारखं होतं.

तिथेच मला कायतानबाब भेटले. मूळचे मडगावचे. कुवेतच्या एका क्रीडा क्लबच्या कचेरीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. बारीक अंगाचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांचं शिक्षण पोर्तुगीज अमदानीतल्या शाळेत झालेलं, म्हणून आयोजकांनी त्यांच्या गळ्यात एक काम घातलं होतं. ब्राझीलहून एक पोरगा एकटाच आला होता आणि त्याला पोर्तुगीजशिवाय एक अक्षर येत नव्हतं.

त्याचं नाव एवांद्रो. विशीतला. उंच, पायच पाय, आणि चेहरा शाळकरी. चारशे मीटर हर्डल्स हा त्याचा प्रकार. कायतानबाब माझ्याशी कोकणीत बोलत, मी मराठीत, आणि त्या पोराशी ते त्यांच्या शाळेतल्या पोर्तुगीजमध्ये. त्या पोराला ते फार जुन्या वळणाचं वाटत असावं, कारण दर वाक्याला तो आधी थोडा हसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव मैदानावर मी त्याला धावताना पाहिलं. अंगावर काटा आला. त्याचा पाय हर्डलवरून जायचा तेव्हा फळीला जेमतेम निसटता जायचा, डोकं एका रेषेत. आयुष्यभर मी पोरांना जे हातवारे करून शिकवत आलो ते प्रत्यक्षात असं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. पहिली सात हर्डल्स त्यानं अशी मारली. आठव्याच्या आधी त्याची पावलं एकदम तोकडी झाली आणि तो हर्डलला वळसा घालून बाजूला थांबला. थोडा दम घेऊन पुन्हा. पुन्हा आठव्याशी तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तो गवतावर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत राहिला.

मी माधुरीला फोन केला आणि विचारलं, एका पोराला जेवायला आणू का?

पुन्हा फिंतास

माधुरीनं काय शिजवायचं यावर बराच खल केला. कायतानबाबांनी सांगितलं की ते लोक रोज भात आणि काळा घेवडा खातात. मग आम्ही अब्बासियाला, आपल्या लोकांच्या वस्तीत गेलो. तिथे गेलं की आपण कुवेतमध्ये आहोत हे विसरायला होतं. हिंदी, मल्याळी, तेलुगू, सगळं एका गल्लीत, बाल्कन्यांवर वाळत घातलेले कपडे, कंपनीच्या बसमधून उतरणारी दमलेली माणसं. एका दुकानात काळा घेवडा आणि कांदा-लसूण मसाला दोन्ही मिळालं. मसाला आमच्यासाठी.

एवांद्रो जेवायला बसला आणि घेवड्याची आमटी भातावर ओतून त्यानं जे खाल्लं ते पाहून माधुरीचा जीव थंडावला. तिनं त्याला तिसऱ्यांदा वाढलं. पोट भरल्यावर त्याची जीभ सुटली आणि कायतानबाबांची जेवणाची पंचाईत झाली.

साओ पाउलोच्या आतल्या बाजूला उसाच्या पट्ट्यात त्याचं गाव. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवलं. शाळेतल्या मास्तरांनी बांबू चिरून हर्डल्स केली होती, त्यावर तो शिकला. मग शहरातल्या एका क्लबनं त्याला उचललं. त्यांच्या खंडाच्या ज्युनिअर स्पर्धेत पदक मिळालं तेव्हा गावात मिरवणूक निघाली. त्यानंतर एक उन्हाळा युरोपात. रोज वेगळं गाव, एका खोलीत चार जण, आणि दर आठवड्याला थोडी थोडी सुधारणारी वेळ. हे सांगताना तो हातानं पायऱ्या दाखवत होता. मग त्याचा हात थांबला. पोर्तुगालमधल्या एका स्पर्धेत पाऊस पडत होता. वळण संपताना, आठव्या हर्डलला त्याचा मागचा पाय अडकला. खांद्याचं हाड मोडलं. हाड बरं झालं, पण तेव्हापासून आठव्याशी आलं की पाय ऐकत नाहीत.

त्या वर्षीच्या मोठ्या जागतिक स्पर्धेसाठी पात्रतेची वेळ गाठायची ही त्याची शेवटची संधी होती. मुदत संपत आली होती आणि दुसऱ्या कुठल्या स्पर्धेचं बोलावणं नव्हतं. इथे जमलं नाही तर क्लब त्याला सोडणार होता. मग मामाबरोबर साखर कारखान्यात. कारखान्यात काम करणं वाईट नाही, असं तो म्हणाल्याचं कायतानबाबांनी सांगितलं. फक्त तिथे गेल्यावर परत कुणी मैदानावर येत नाही.

उठताना त्यानं कायतानबाबांना बाजूला घेतलं आणि काहीतरी विचारलं. कायतानबाब माझ्याकडे वळले.

"तो म्हणता, पयली दोन हर्डलां आपुण तपासतां. फुडलीं आठ कोण तपासता?"

प्रश्न बरोबर होता. शर्यतीआधी धावपटू पहिली एक-दोन हर्डल्स मारून पाहतो, वाऱ्याचा आणि अंतराचा अंदाज घेतो. पुढची आठ त्याला थेट शर्यतीतच भेटतात. ती नीट लावली आहेत हा विश्वास परक्या माणसावर टाकावा लागतो. मी म्हटलं, त्याच्या लेनमधली सगळी मी स्वतः पाहीन. कायतानबाबांनी ते सांगितल्यावर पोरानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैदान

हर्डलबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हर्डल पडण्यासाठीच असतं. त्याचे लोखंडी पाय धावपटू येतो त्या बाजूला असतात, त्यामुळे धक्का लागला की फळी पुढे कलंडते आणि धावणारा निभावून जातो. तेच हर्डल उलटं ठेवलं, पाय पलीकडे गेले, तर ते पडत नाही. मग माणूस पडतो. सोलापूरच्या एका स्पर्धेत मी ते पाहिलेलं आहे. त्या मुलाच्या नडगीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

शर्यत संध्याकाळची होती. दुपारपासूनच आकाश मातकट झालं. तोझ येतोय, असं स्टेडियममधला प्रत्येक जण म्हणत होता. धुळीच्या वादळाला तिथे तोझ म्हणतात. बघता बघता समोरच्या प्रेक्षक गॅलरीचा वरचा भाग दिसेनासा झाला. दातांखाली वाळू, कानांत वाळू. माझ्याकडे शेवटचं वळण होतं, म्हणजे नेमकं आठव्या हर्डलपर्यंतचं. तिथून पुढे घरची सरळ, म्हणजे शेवटच्या रेषेपर्यंतचा सरळ पट्टा, आणि वारा नेमका त्या सरळीत धावणाऱ्यांच्या पाठीमागून येत होता. हर्डल्स पटापट आडवी होत होती. क्लबचे कामगार ती पळत पळत उभी करत होते. बहुतेक आपलीच माणसं, अब्बासियातून बसनं आणलेली.

नियम असा, की प्रत्येक वळणावरच्या पंचानं पांढरा झेंडा वर केला, म्हणजे त्याच्याकडे सगळं ठीक, की मगच पिस्तूल वाजतं. पलीकडचे झेंडे वर झाले. मुख्य पंच इजिप्तचे गृहस्थ, तापट. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, झेंडा दाखवा. समोर मानाच्या खुर्च्यांवर मोठी माणसं बसली होती, त्यांत दिलीपरावांच्या कंपनीचे बडे साहेबही होते, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानआधी शर्यत संपवायची होती. माझा हात वर जाईना. जिथे उभा होतो तिथून मला माझंच आठवं हर्डल धड दिसत नव्हतं. मी झेंडा बगलेत मारला आणि चालत निघालो.

पाचवी लेन एवांद्रोची. तिथलं आठवं हर्डल ताठ उभं होतं. आजूबाजूची वाऱ्यानं हलत होती, हे हलत नव्हतं. मी वाकून खाली पाहिलं. त्याचे पाय पलीकडच्या बाजूला होते.

जवळच एक कामगार उभा होता. दापोलीकडचे शौकतभाई, सकाळी त्यांनीच मला पाणी आणून दिलं होतं. मी विचारलं, हे असं कुणी ठेवलं?

"मीच, मास्तर. हुबाच राहत नव्हता तो. चार वेळा उचलला. मंग फिरवून ठेवला. आता बघा, हलतोय काय?"

त्यांच्या चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. वाऱ्यात वस्तू पडत असेल तर ती पडणार नाही अशी ठेवायची, कुणीही शहाणा माणूस तेच करेल. हे पडण्यासाठीच असतं, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते "या अल्ला" एवढंच म्हणून खाली बसले.

आम्ही दोघांनी मिळून ते फिरवलं. मला तेवढ्यावर झेंडा दाखवता आला असता. पण एका माणसाला सुचलं ते दुसऱ्यालाही सुचलं असेल, हा विचार आला आणि मग तो जाईना. मी वॉकीटॉकीवर माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की सगळ्या लेनमधली सगळी हर्डल्स पुन्हा पाहिल्याशिवाय मी झेंडा दाखवणार नाही. मुख्य पंच भडकले. मला बदलून दुसरा माणूस उभा करतो म्हणाले. बड्या साहेबांसमोर दिलीपरावांना उद्या मान खाली घालावी लागेल हे डोळ्यांपुढे येत होतं. पण सोलापूरचा आवाज त्याहून मोठा होता. एवढ्यात अजान सुरू झाली आणि वाद आपोआप मिटला. स्पर्धा थांबली.

नमाजाची वेळ

मैदानातल्या हिरवळीवर रांगा लागल्या. शौकतभाईही त्यांत होते. थोड्या वेळापूर्वी ओरडणारे मुख्य पंच बूट काढून शांतपणे कामगारांच्या शेजारी उभे राहिले. आपल्याकडे स्पर्धेत असा खंड पडला तर आरडाओरडा होईल, इथे सगळं मैदान गप्प झालं. मला ते फार बरं वाटलं. त्या वेळात नमाजाला न गेलेल्या पंचांनी बाकीच्या लेन वाटून घेतल्या आणि मी पाचव्या लेनमधून पहिल्यापासून दहाव्यापर्यंत एकेक हर्डल पाहत गेलो. पाय, उंची, खालची खूण. सगळी बरोबर होती. दहाव्याशी पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

एवांद्रो धाव सुरू करायच्या ब्लॉक्सच्या मागे अंगावर टॉवेल घेऊन बसला होता. थांबल्यामुळे त्याचे स्नायू गार पडत होते. शर्यत का थांबली ते कळत नसल्यानं त्याची नजर सारखी इकडेतिकडे जात होती. कायतानबाबांनी मला हळूच विचारलं, काय सांगू?  खरं सांगावं तर ज्या आठव्याला तो वर्षभर घाबरत होता, त्याच आठव्याशी त्याचे पाय मोडणार होते हे त्याला कळेल. न सांगावं तर त्याच्या विश्वासाचं काय? शेवटी मी म्हटलं, खरं तेच सांगा. एक हर्डल उलटं होतं, आठवं. आता सरळ आहे. सगळी दहा मी पाहिली आहेत.

कायतानबाबांनी सांगितलं. पोराचा चेहरा पांढरा पडला.  मग त्यानं एक छोटासा प्रश्न विचारला.

"तो म्हणता, तुमी थंय रावतले?"

मी म्हटलं, हो, मी तिथेच उभा राहीन. आठव्याच्या शेजारी.

वळण

दिवे लागले. वारा उतरला होता, पण थांबला नव्हता. दिव्यांच्या उजेडात धूळ पिवळी दिसत होती. मी आठव्याच्या बाजूला, ट्रॅकच्या कडेला उभा राहिलो, पुन्हा एकदा खाली पाहिलं, आणि झेंडा वर केला. तो हात माझाच होता का, अशी मला शंका आली. पिस्तूल वाजलं.

पलीकडच्या सरळीत मला फक्त हलणारे आकार दिसत होते. मग ते वळणात शिरले आणि बुटांचे आवाज यायला लागले. पाचव्या लेनमध्ये तो पुढे होता. सहावं गेलं. सातवं गेलं. आता पावलं तोकडी होणार, असं मला वाटलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, हर्डलकडे पाहत होता. त्याचा पाय उचलला गेला आणि फळीवरून तो असा गेला की वाऱ्याचा झोत माझ्या तोंडाला लागला. पावलं तोकडी झाली नव्हती. मी रडायच्या बेतात होतो. पाठमोरा तो सरळीत शिरला, एकटाच पुढे, आणि मागून वारा त्याला ढकलत होता.

नववंही गेलं. त्यानंतर मी लोखंड आपटल्याचा आवाज ऐकला.

पंचानं जागा सोडायची नसते. सगळे धावपटू माझ्यापुढून निघून जाताच मी सोडली. पळत असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी पाहून गेल्यावर दहावं वाऱ्यानं पडलं असेल, कुणीतरी उचललं असेल, आणि फिरवून ठेवलं असेल. तिथे पोचलो तेव्हा एवांद्रो ट्रॅकवर कुशीवर पडला होता. मी त्याच्याकडे गेलो नाही. मी दहाव्या हर्डलकडे गेलो आणि त्याचे पाय पाहिले. ते बरोबर बाजूला होते. फळी पुढे कलंडून आडवी झाली होती, जशी व्हायला हवी तशीच. पाठीमागच्या वाऱ्यानं त्याला शेवटच्या टप्प्यात हर्डलच्या फार जवळ आणून सोडलं होतं. कुणाचीच चूक नव्हती.  मग मी वळलो तर तो माझ्याकडे पाहत होता.

बाकीचे केव्हाच पोचले होते, लोक टाळ्या वाजवत होते. त्याची वेळ कुणी मोजली नव्हती, मोजायला काही उरलंच नव्हतं. जागतिक स्पर्धा गेली होती, क्लब गेला होता. कायतानबाब धापा टाकत आले आणि गुडघ्यावर बसले. स्ट्रेचर घेऊन दोघं जण पलीकडून येत होते. त्याच्या पापण्यांवर वाळू होती आणि डावा हात अंगाखाली वाकडा झाला होता. तो माझ्यावरची नजर न काढता कायतानबाबांशी काहीतरी बोलला. कायतानबाबांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"तो म्हणता, हर्डल बरोबर आसलें. तें आदीं तुमका सांग म्हणता."

मी होकारार्थी मान हलवली. ती त्याला दिसल्यावरच त्यानं डोळे मिटले आणि हात दुखतोय म्हणून सांगितलं.